वीज आल्यावर राउटरचे घड्याळ आणि अडलेले डीएनएस

घरच्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली टाकून डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधणारी सेवा) एन्क्रिप्ट केले आणि डीएनएससेकची, म्हणजे डीएनएसच्या उत्तरांवरील डिजिटल सह्यांची, पडताळणीही सुरू केली, की काही आठवडे सारे सुरळीत चालते. मग एखाद्या दुपारी वीज जाते, तासाभराने परत येते, राउटरचे सगळे दिवे हिरवे होतात आणि तरीही एकही संकेतस्थळ उघडत नाही. अमळनेरच्या आमच्या घरी उन्हाळ्यात हे इतके नेमाचे झाले होते, की वीज आल्याबरोबर नाना ओसरीवरूनच विचारत, "काय रे, नेट चालस नही का?" कनेक्शन देणाऱ्या कंपनीला फोन केला, तर "आमच्याकडून लाईन ओके आहे" हे उत्तर ठरलेले, आणि या बाबतीत ते खरेही असते.

बहुतेक घरगुती राउटरमध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. वीज गेली की वेळ पुसली जाते. ओपनडब्ल्यूआरटी सुरू होताना सेटिंग्ज ठेवलेल्या ईटीसी फोल्डरमधील सर्वांत अलीकडे बदललेल्या फाइलची तारीख पाहते आणि तीच आजची तारीख समजून कामाला लागते. म्हणजे तुम्ही शेवटची सेटिंग फेब्रुवारीत बदलली असेल, तर मे महिन्यातही राउटर फेब्रुवारीतच जागा होतो. खरी वेळ त्याला एनटीपी, म्हणजे इंटरनेटवरून वेळ सांगणाऱ्या, सर्व्हरकडून मिळते. पण त्या सर्व्हरचा पत्ता नावाने दिलेला असतो आणि नावाचा आयपी शोधायला डीएनएस लागते. डीएनएस टीएलएस या एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीवरून जात असेल, तर समोरच्या सर्व्हरच्या प्रमाणपत्राची मुदत तपासली जाते, आणि फेब्रुवारीत अडकलेल्या राउटरला एप्रिलमध्ये दिलेले प्रमाणपत्र "अजून लागू झालेले नाही" असे दिसते. जोडणी नाकारली जाते, नावाचा आयपी मिळत नाही, वेळ मिळत नाही, आणि वेळ मिळत नाही म्हणून जोडणी होत नाही.

हा दोष कधी येतो आणि कधी येत नाही, याचे कारणही इथेच आहे. शेवटच्या सेटिंगनंतर त्या सर्व्हरने प्रमाणपत्र बदललेले नसेल, तर जुन्या तारखेलाही ते वैध ठरते आणि सगळे आपोआप सुरू होते. त्यामुळे माणूस उष्णतेला, वायरीला, व्होल्टेजला दोष देत बसतो.

डीएनएससेकच्या सह्यांनाही सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते, म्हणून तिथेही हीच अडचण संभवते. मात्र राउटरवर डीएनएस सांभाळणाऱ्या डीएनएसमास्क या प्रोग्रामच्या लेखकांनी ती आधीच ओळखली होती: खरी वेळ मिळाल्याचा संकेत येईपर्यंत सह्यांची मुदत तपासू नये, बाकीची पडताळणी चालू ठेवावी, असा पर्याय त्यात आहे आणि ओपनडब्ल्यूआरटी तो स्वतःहून वापरते. टीएलएसची जोडणी करणाऱ्या स्टबीसारख्या प्रोग्रामकडून अशी सवलत गृहीत धरता येत नाही. म्हणून संशय पडताळणीवर येतो आणि दोष बहुधा टीएलएसच्या जोडणीत निघतो.

हा फरक ओळखायला लॅपटॉपवरून डीएनएसला प्रश्न विचारणारी डिग ही आज्ञा पुरते. नेहमीच्या प्रश्नाला सर्व्हफेल, म्हणजे उत्तर देता आले नाही असा निरोप, आला आणि प्लस सीडी लावून, म्हणजे पडताळणी करू नको असे सांगून, तोच प्रश्न विचारल्यावर उत्तर मिळाले, तर सह्यांत गडबड आहे. दोन्ही वेळा उत्तर नसेल, तर प्रश्न वरच्या, म्हणजे राउटर ज्याला विचारतो त्या बाहेरच्या, सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. पण त्याआधी लॅपटॉपवरून एसएसएचने राउटरच्या कमांड लाइनवर जाऊन नुसते डेट टाइप करावे. माझ्याकडे मे महिन्याच्या भर उन्हात त्याने फेब्रुवारीतली तारीख दाखवली, आणि पुढे शोधण्यासारखे फारसे उरले नाही.

मोबाइलच्या भरवशावर मात्र निदान करू नये. अँड्रॉइडमध्ये प्रायव्हेट डीएनएसला सर्व्हरचे नाव दिलेले असेल, तर फोन आपले प्रश्न राउटरच्या डीएनएसऐवजी थेट त्या सर्व्हरला विचारू शकतो, आणि त्याचे घड्याळही बरोबर असते. त्यामुळे कधी कधी फोन चालतो, टीव्ही चालत नाही, आणि बिचारा टीव्ही दुरुस्तीला जातो.

उपाय साधा आहे. डीएनएसमास्कला सांगायचे, की वेळ सांगणाऱ्या सर्व्हरच्या पूल.एनटीपी.ऑर्ग या डोमेनपुरते प्रश्न स्टबीकडे न पाठवता साध्या, एन्क्रिप्ट न केलेल्या मार्गाने ९.९.९.९ या सार्वजनिक डीएनएस सर्व्हरकडे पाठव. आपण वेळ विचारतो आहोत, एवढेच त्यातून बाहेरच्याला कळते, आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. शिवाय रोज एकदा ईटीसीमधील एका फाइलला टच करणारी, म्हणजे तिची तारीख ताजी करणारी, ओळ क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणाऱ्या यादीत) घातली, की घड्याळ वीज बंद असलेल्या काळापेक्षा फार तर एक दिवस अधिक मागे राहते. राउटरला बारा व्होल्टचा मिनी यूपीएस लावणे चांगलेच, पण गल्लीच्या खांबावरची कंपनीची पेटीही त्याच विजेवर असू शकते, हे विसरू नये.

वीज न जाताही प्रत्येक सही केलेले डोमेन नापास होत असेल, तर गोष्ट वेगळी आहे. डीएनएसच्या मुळाची, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीची, सही करणारी किल्ली ११ ऑक्टोबर २०१८ रोजी बदलली. त्याआधीचे फर्मवेअर (राउटरमधली प्रणाली) नव्या किल्लीला ओळखत नसेल, तर ते अद्ययावत करण्यावाचून मार्ग नाही.

आणखी एक फसवी जागा आहे. डीएनएससेक-फेल्ड.ऑर्ग हे मुद्दाम चुकीच्या सह्यांचे डोमेन उघडले नाही, म्हणजे आपला राउटर पडताळणी करतो, असे अनेक जण समजतात. १.१.१.१, ८.८.८.८ आणि ९.९.९.९ हे तिन्ही सार्वजनिक डीएनएस सर्व्हर स्वतःच पडताळणी करतात, त्यामुळे नकार तिकडूनही आलेला असू शकतो. खात्री करायची तर डीएनएसमास्कमध्ये प्रश्नांची नोंद सुरू करून त्यात सिक्युअर, इनसिक्युअर की बोगस असा निकाल उमटतो का, ते पाहावे.

एन्क्रिप्शनमुळे वाटेतल्या माणसाला आपले डीएनएसचे प्रश्न दिसत नाहीत. राउटरवरच्या पडताळणीमुळे सही केलेल्या डोमेनबाबत खुद्द वरचा सर्व्हर खोटे बोलला तर कळते. माझ्या जळगावच्या खोलीवर मी दोन्ही ठेवतो. अमळनेरला, जिथे काही अडल्यास राउटर उघडून पाहणारे कोणी नाही, तिथे फक्त एन्क्रिप्शन ठेवून पडताळणीचे काम वरच्या सर्व्हरवर सोपवले आहे.