गॅलरीतली अंडी

आमच्या घरी अंडी उकडायला परवानगी आहे, पण स्वयंपाकघरात नाही, गॅलरीत. इंदूरच्या रामबागेत राहायचो तेव्हा आजीने मागच्या अंगणात स्टोव्ह दिलेला, आता फ्लॅटमध्ये वॉशिंग मशीनच्या शेजारी पाच किलोवाला छोटा सिलिंडर आहे. पातेलं मात्र तेच, ॲल्युमिनियमचं, एका बाजूने चेपलेलं, आतून काळं पडलेलं, आणि ते आईच्या भांड्यांत चुकूनही जात नाही. बाबा छप्पन दुकानवर, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, अंड्याचा बेंजो (पावात घातलेलं ऑम्लेट) खातात हे आईला माहीत आहे, आईला माहीत आहे हे बाबांनाही माहीत आहे, पण घरात तो विषय नाही.

यंदा बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले प्रोटीन वाढवा, रोज दोन अंडी द्या. ड्यूटी माझ्याकडे. मला वाटलं त्यात काय, पाणी घ्यायचं, अंडी टाकायची, उकडायची.

तिसऱ्याच दिवशी फोन आला, मी बोलत बोलत आत गेलो आणि पाऊण तासाने गॅलरीतून सुतळी बॉम्ब फुटल्यासारखा आवाज. पाणी कधीच आटलं होतं, पातेलं लाल व्हायचं बाकी होतं आणि एक अंडं फुटून त्याचं पिवळं वर दोरीवर वाळत घातलेल्या आईच्या साडीवर. आई काही बोलली नाही. साडी चिमटीत धरून बादलीत टाकली आणि दोन दिवस मला पोळीवर तूप नाही.

त्यानंतर टायमर लावायला लागलो, पण खरा त्रास सोलायचा होता. बाबांसाठी म्हणून मुद्दाम ताजी गावरान अंडी आणायचो, महाग पण चालेल म्हटलं, आणि ती सोलली की निम्मं पांढरं कवचाबरोबर यायचं, अंडं असं दिसायचं की उंदराने कुरतडलंय. मला वाटायचं माझाच हात जड आहे. तर नाही, अंडं जितकं ताजं तितकं सोलायला वाईट! कवचाला बारीक बारीक छिद्रं असतात, त्यातून आतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू बाहेर जातो, तसं पांढरं जास्त अल्कधर्मी होत जातं आणि मग ते आतल्या पापुद्र्याला तेवढं घट्ट धरून बसत नाही. म्हणजे उकडायला आठवडाभर फ्रीजमध्ये पडलेली अंडीच बरी. (हो, फ्रीजमध्येही त्यांचा वेगळा डबा आहे, झाकणाचा, सगळ्यात खाली.)

दुसरी चूक म्हणजे मी गार पाण्यात अंडी ठेवून मग गॅस लावायचो, सगळे तसंच करतात, आजीपण तसंच करायची. त्यात पांढरं हळूहळू तापतं आणि पापुद्र्याला चिकटूनच घट्ट होतं. आता पाणी आधी खळखळ उकळू देतो, मग गॅस बारीक करून एकेक अंडं पळीने अलगद सोडतो, वरून टाकलं तर तळाला आपटून तडकतं. फ्रीजमधलं असेल तर अकरा मिनिटं, लगेच गार पाण्यात, पाणी कोमट झालं की एकदा बदलायचं. बडोद्याचा मावसभाऊ म्हणतो आमच्याकडे दहा मिनिटांत होतं, तर मी त्याला ऐकवलं की भिया, इंदूर साडेपाचशे मीटर उंचावर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. खरं सांगायचं तर तो अंडी फ्रीजमध्ये ठेवतच नाही, एक मिनिटाचा फरक बहुतेक त्याचाच आहे, पण हे त्याला सांगितलेलं नाही.

पंधरा-वीस मिनिटं उकडत ठेवलं तर पिवळ्याभोवती हिरवट-करडी कड येते. बाबांनी एकदा ती बघून अख्खं अंडं बाजूला सारलं, म्हणे नासकं आहे. नासकं नसतं ते, पांढऱ्यातलं गंधक आणि पिवळ्यातलं लोह एकत्र येऊन तो रंग धरतो, खाल्लं तर काही होत नाही. पण जास्त उकडलेलं पिवळं घशाला कोरडं लागतं आणि वासही येतो, तो वास गॅलरीतून आत गेला की आई पंखा पाचवर करते.

सोलताना बुडाकडून, जाड टोकाकडून सुरू करायचं, तिथे हवेची पोकळी असते. तिथे टिचकवलं, पापुद्र्याखाली अंगठा घातला आणि वाटीभर पाण्यात धरून फिरवलं की कवच दोन-तीन मोठ्या तुकड्यांतच निघतं. पहिलं असं गुळगुळीत निघालं तेव्हा मी फोटो काढला होता, बाबा म्हणाले मुंज लागली का त्याची.

मग शिवणाच्या दोऱ्याने दोन फाका, सुरीला पिवळं चिकटतं म्हणून दोरा, आणि वरून जीरावन. मीठ-मिरी नको, इंदुरात पोह्यांवर जो मसाला भुरभुरतो तोच, गरम पिवळ्यावर त्याचा आंबट-तिखट वास असा काही सुटतो की बाबा दोनावर थांबत नाहीत. आधी मी पोह्यांचीच डबी गुपचूप न्यायचो. चार दिवसांत आईच्या लक्षात आलं की जीरावन भराभर संपतंय. काल बघितलं तर गॅलरीत सिलिंडरच्या मागे, चेपलेल्या पातेल्यात एक छोटी स्टीलची डबी, काठोकाठ भरलेली, आणि आतून आवाज आला, "ती आता आत आणायची नाही."