मंडळाच्या फळ्यावर लावायचा एक कागद

गिरगावापासून भांडुपपर्यंत कुठल्याही मंडळाचा फळा बघा. रक्तपेढी, रुग्णवाहिका, अग्निशमन दल, शववाहिनी, सगळ्यांचे नंबर असतात. दारूने माणूस शववाहिनीपर्यंत जायच्या आधी कुठे न्यायचा, ते मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. त्या विषयावरची एकच जाहिरात मुंबईकराच्या रोज नजरेस पडते, ती लोकलच्या डब्यात चिकटवलेली: ‘न सांगता दारू सोडवा’, आणि खाली मोबाइल नंबर. घरची बाई तोच नंबर फिरवते, कारण दुसरा तिला कोणी दाखवलेलाच नसतो.

म्हणून मंडळाने, सोसायटीने किंवा बचत गटाने आपल्या वस्तीपुरता एका पानाचा कागद करावा. त्यात काय लिहायचं आणि लिहिताना कुठे चुकतं, ते इथे मांडतोय.

आधी त्या नंबरावर मिळणाऱ्या पुडीचं बघू. आत काय आहे ते वर छापलेलं नसतं. डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असलं तर चहातून किंवा आमटीतून नकळत दिलेली ती पुडी जिवावर बेतू शकते. हे औषध पोटात असताना दारू घेतली की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयविकार असलेला माणूस यात दगावू शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत असा त्रास होऊ शकतो. डॉक्टरही हे औषध देतात, पण रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने, यकृत तपासून आणि किमान बारा तास दारू बंद ठेवल्यावर. कागदावर सगळ्यात वर ठळक लिहा: जेवणातून चोरून औषध देऊ नये.

त्याच्या खाली तातडीची लक्षणं. आमच्या मते अख्ख्या कागदात हा भाग सगळ्यात मोलाचा, आणि नेमका हाच कोणी लिहीत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडली की शरीर उलटतं. सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं हाका मारतात, आपण कुठे आहोत ते कळत नाही, ताप चढतो. याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार न मिळाल्यास यात माणूस जातो. वस्तीत मात्र ‘बाहेरचं लागलंय’ म्हणून अंगारा लावण्यात मोलाची रात्र जाते.

मुंबईत हे कधी होतं, तेही ध्यानात ठेवावं. गटारीला रात्रभर पिऊन श्रावणाच्या पहिल्या दिवशी ‘महिनाभर शिवणार नाही’ म्हणणारे घरोघरी असतात. गणपती बसले की सोडणारे असतात. पाय मोडून वॉर्डात पडलेला माणूस तर नाइलाजाने सोडतो, आणि तिसऱ्या रात्री पलंगावरून उठून पळू लागतो. ज्याला सकाळी उठल्या उठल्या हाताचं कापरं थांबवायला घोट लागतो, त्याने व्रताच्या जोरावर दारू तोडू नये. आधी डॉक्टर, मग श्रावण. आधी कधी फिट येऊन गेली असेल तर घरी सोडण्याचा प्रयोग करूच नये. हाच नियम ‘बटण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या नायट्राझेपामच्या गोळ्यांनाही लागू आहे. आईने सापडलेली पाकिटं रागाच्या भरात संडासात टाकली आणि पोराला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फिट आली, असं होऊ शकतं. गोळ्या टप्प्याटप्प्याने उतरवाव्या लागतात.

फिट, भ्रम, ताप किंवा रक्ताची उलटी दिसली तर ओपीडीच्या रांगेत उभं राहायचं नाही. १०८ ला फोन करायचा, नाहीतर टॅक्सी करून थेट कॅज्युअल्टी गाठायची. तिथे तीन गोष्टी न लाजता सांगायच्या: रोज किती पितो, किती वर्षं पितो, शेवटचा घोट किती वाजता घेतला. ‘थोडी घेतो कधीतरी’ एवढ्यावर भागवलं तर डॉक्टर तापाचं कारण मलेरियात शोधत बसतात. दारूचं कळलं तर सलाइनमधून ग्लुकोज चढवायच्या आधी किंवा सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व देतात. ते वेळेत मिळालं नाही तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

एवढी तातडी नसेल तर मानसोपचार ओपीडी. परळचं केईएम, शीवचं लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचं नायर, जुहूचं कूपर आणि भायखळ्याचं जे.जे., या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत आणि व्यसनाचे रुग्ण तिथे बघतात. कागदावर पाचही नावं लिहायचा मोह आवरा. वस्तीपासून एका बसने किंवा एका लोकलने जाता येईल असं एकच लिहा, सोबत गेट, इमारत, मजला आणि केसपेपरच्या खिडकीची जागा. पाच नावं वाचून माणूस ‘बघू’ म्हणतो. एकच नाव आणि खिडकी माहीत असली तर निदान निघतो. नोंदणी सकाळीच उरकते, तेव्हा लवकर पोहोचायचं. बरोबर जुने कागद, चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि घरचं एक माणूस न्यायचं. उपनगरातल्या लहान रुग्णालयांत मानसोपचारतज्ज्ञ रोज असतीलच असं नाही. कोणत्या वारी बसतात ते कार्यकर्त्याने स्वतः जाऊन विचारावं आणि तो वार लिहावा.

‘मी काय बेवडा आहे का?’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. त्यावर वाद घालण्यापेक्षा हिशेब मांडावा. दहा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक प्रमाणित ड्रिंक. ४२.८ टक्क्यांची व्हिस्की किंवा रम ३० मिलीलिटर घेतली की एक ड्रिंक झालं. म्हणजे ‘नाइन्टी’त तीन, १८० मिलीलिटरच्या क्वार्टरमध्ये सहा. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीलिटरची बाटली चार ड्रिंकची होते, ‘बिअर म्हणजे दारू नाही’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे, गुण ० ते ४०. तिचा तिसरा प्रश्न असा: एका बैठकीत सहा किंवा जास्त ड्रिंक किती वेळा होतात? ‘रोज फक्त एक क्वार्टर’ म्हणणारा या प्रश्नाला पूर्ण चार गुण घेऊन बसतो. बेरीज आठ किंवा जास्त आली तर पिणं धोक्याच्या पातळीला आलंय, वीस किंवा जास्त आली तर अवलंबित्वाची शक्यता धरून डॉक्टरांना दाखवायचं. दहा प्रश्न कागदाच्या मागे छापा. माणूस एकटा असताना ते सोडवतो, बायकोसमोर सोडवत नाही.

आता मीटिंगांबद्दल. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे ए.ए.च्या मीटिंग मुंबईत जागोजागी होतात, बऱ्याचशा शाळांच्या वर्गांत आणि चर्चच्या आवारात. फी नाही, नोंदवही नाही, आडनाव कोणी विचारत नाही. खर्च सभासदांच्या ऐच्छिक वर्गणीतून भागतो. ब्राउन शुगर (गर्द), एम.डी. (मेफेड्रोन) किंवा इतर नशांसाठी नार्कोटिक्स अॅनॉनिमस, म्हणजे एन.ए. आहे. बायको, आई, भाऊ यांच्यासाठी अल-अनॉन. कागदावर अल-अनॉन वेगळ्या ओळीत आणि शक्यतो ए.ए.च्या वर लिहावं, कारण मदत शोधायला पहिली बाहेर पडते ती घरची बाई. पिणारा यायला तयार नसला तरी तिला जाता येतं, हे बहुतेकींना ठाऊकच नसतं.

मीटिंगची नोंद अर्धवट लिहिली तर ती न लिहिल्यापेक्षा वाईट. वार, वेळ, भाषा, कुठलं गेट, कितवा मजला आणि ‘ओपन’ की ‘क्लोज्ड’, एवढं हवंच. क्लोज्ड मीटिंगला फक्त स्वतः दारू सोडू पाहणारेच बसतात. नवऱ्याला हाताला धरून आणलेल्या बाईला दारातून परत जावं लागलं तर ती पुन्हा येत नाही. शाळेतल्या मीटिंगांना मे महिन्यात आणि दिवाळीत खोली मिळेलच असं नसतं. पहिल्यांदा निघालेला माणूस कुलूप बघून वळतो आणि वाटेत बार लागतोच. म्हणून जायच्या आधी फोन करायला हेल्पलाइनचा नंबरही त्याच ओळीत द्यावा.

दाखल करायचं म्हटलं की घरचे ‘सेंटर’ शोधतात. वांद्र्याला माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केलं. पुण्यात येरवड्याला १९८६ पासून मुक्तांगण आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीतून उभारलेलं. यांच्या जोडीला मुंबईभोवती भाड्याच्या बंगल्यांत चालणारी किती तरी ठिकाणं आहेत, आणि कसून चौकशी करायची ती तिथे. व्यसनाचे आजार मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या व्याख्येत येतात. म्हणून राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी दाखवा म्हणायचं. डॉक्टर कोण, आठवड्यातून किती वेळा येतात? रात्री फिट आली तर कोणत्या रुग्णालयात नेता? रुग्णाला घरी फोन करू देता का? घरच्यांना राहायची खोली बघू देता का? शेवटच्या प्रश्नाला ‘पहिला महिना भेट बंद’ असं उत्तर आलं की ॲडव्हान्स न देता परत फिरायचं. साखळीने बांधणं या कायद्याने पूर्णपणे बंद आहे. स्वतःहून दाखल झालेल्याने डिस्चार्ज मागितला तर ठरावीक कारणांसाठीच आणि तेही २४ तासच थांबवता येतं. इच्छेविरुद्ध ठेवायचं तर तज्ज्ञांची तपासणी आणि कायद्याची रीत आहे. रात्री गाडी पाठवून चौघांनी पोराला उचलून नेणं त्या रीतीत बसत नाही, मग गाडीवर ‘पुनर्वसन’ लिहिलेलं असो.

आणि दाखल करून काम संपलं असं घरच्यांनी धरू नये. दारू शरीरातून उतरायला आठवडा-दहा दिवस पुरतात. खरी कसोटी घरी आल्यावर, पहिल्या तीन महिन्यांत असते. म्हणूनच ए.ए.त नव्या माणसाला नव्वद दिवसांत नव्वद मीटिंग करायला सांगतात. गर्द घेणाऱ्यांचा धोका आणखी वेगळा. टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, दोन-तीन दिवस जोरात असते: जांभया, नाक-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात पिळवटणं, जुलाब. आठवडाभरात बरीचशी ओसरते. तेवढ्यात शरीराची सवय मोडलेली असते, आणि पोरगा बाहेर येऊन जुन्याच मापाने घेतो. श्वास मंदावून तिथेच संपतो. बेशुद्ध, ओठ निळे, श्वास घरघरत: कुशीवर वळवा, १०८ लावा, एकट्याला सोडू नका. सुई घेणाऱ्यांसाठी एड्स नियंत्रण कार्यक्रमात गर्दच्या बदली ब्युप्रेनॉर्फिनची गोळी मोफत देणारी केंद्रं आहेत. गोळी जिभेखाली, केंद्रातच, कर्मचाऱ्यासमोर घ्यायची. टर्की सुरू व्हायच्या आधी घेतली तर ती उलट टर्की आणते, म्हणून शेवटचं कधी घेतलं ते खरं सांगायचं. चौकशी वडाळ्याच्या मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्थेत. एम.डी.साठी अशी बदली गोळी नाही. तिथे झोप, जेवण, समुपदेशन आणि संशय-भ्रमावर मानसोपचारतज्ज्ञ, एवढाच मार्ग.

‘नाव कळलं तर पोलीस येतील’ या भीतीने घरं गप्प बसतात. अमली पदार्थांबद्दलच्या एन.डी.पी.एस. कायदा, १९८५ च्या कलम ६४-अ प्रमाणे, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यातून सूट मिळते. उपचार अर्धवट टाकले तर ती काढून घेतली जाऊ शकते, तेव्हा केसपेपर जपून ठेवायचे. विकणाऱ्याची माहिती द्यायची तर १९३३ या अमली पदार्थविरोधी हेल्पलाइनवर. मंडळाच्या पोरांनी धाडी घालू नयेत. त्याने विक्रेता एक गल्ली सरकतो आणि आजारी पोरगा मात्र कार्यकर्त्यांना बघून लपायला लागतो. दहीहंडीला पानमसाल्याचा बॅनर टांगून खाली व्यसनमुक्तीची शपथ घेणाऱ्या मंडळांबद्दल काय बोलावं! शपथेपेक्षा शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकणारी टपरी हटवायचा अर्ज करा.

मीटिंगांच्या ओळीतला सोडला तर फोन नंबर चारच ठेवा, जास्त लिहिले की कुठलाच वाचला जात नाही. १४४४६, केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन. १४४१६, टेली-मानस, चोवीस तास, मराठीत. झोप नाही, जीव नकोसा झालाय, घरात कोणी मरणाची भाषा करतंय, यासाठी. पिऊन बोललेली मरणाची भाषा ‘नशेत बोलला’ म्हणून सोडून देऊ नये, नशेतच माणूस ते करून बसतो. १८००-११-२३५६, तंबाखू, गुटखा, मिश्री सोडण्यासाठी. आणि १०८.

कागद लावायचा कुठे? फळ्यावर एक प्रत लावाच, पण तिथे उभं राहून वाचताना सगळी चाळ बघत असते. खाली फाडून न्यायच्या चिठ्ठ्या ठेवल्या तर दिवसाढवळ्या त्यांना कोणी हात लावत नाही. दुसरी प्रत बायकांच्या संडासाच्या दाराला आतून, तिसरी जिन्याच्या वळणावर, आणि बचत गटाच्या प्रत्येक पासबुकात एक लहान घडी. एका कार्यकर्त्याचं नाव ठरवा, त्याने दर तीन महिन्यांनी प्रत्येक नंबर स्वतः फिरवून बघायचा, बदललेली वेळ खोडून नवी लिहायची आणि खालच्या कोपऱ्यात पेनाने तारीख टाकायची: ‘तपासले’.