तिघे परत आले, आता बसवायचं कुणाला?

गुरुवार, रात्री

आपल्या एनएचएल (अमेरिका-कॅनडाची आइस हॉकी लीग) टीमच्या सेंटरची नो-कॉन्टॅक्ट जर्सी, म्हणजे प्रॅक्टिसमध्ये याला धक्का देऊ नका असं सांगणारी, शेवटी उतरली एकदाची. टीमने आजच्या प्रॅक्टिसचा छोटासा व्हिडिओ टाकलाय, त्यात आपला दुसऱ्या लाइनचा (लाइन म्हणजे एकत्र उतरणारे तीन फॉरवर्ड) सेंटर, म्हणजे मधला फॉरवर्ड, बाकीच्यांसारखाच फिरतोय, कोपऱ्यात पकमागे (रबरी चकतीमागे) गेला, मागून एकाने त्याला बोर्डवर (रिंकच्या कडेच्या भिंतीवर) चांगला दाबला, तर हा खांदा झटकून सरळ पुढे. मी तो तुकडा परत परत बघितला. खांद्याचं दुखणं ज्याला असतं तो बोर्डजवळ जाताना नकळत दुसरी बाजू पुढे करतो, याने तसं केलं नाही, म्हणजे बरा आहे. डिफेन्समधला मोठा पण परतलाय, आणि चौथ्या लाइनचा तो विंगर (कडेचा फॉरवर्ड), ज्याची फारशी कुणाला आठवण आली नव्हती, तोही फिट. तिघे एका आठवड्यात!

आता सगळे खूश. मीही खूश आहे, पण अर्धाच, कारण आनंद ओसरला की बेरीज-वजाबाकी सुरू होते. रोस्टरवर, म्हणजे टीमच्या यादीत, माणसं २३, त्याच्यावर नाही. खेळाडू इंज्युर्ड रिझर्व्हवर (जखमींच्या यादीत) असतो तोपर्यंत तो या २३ मध्ये धरत नाहीत, बरा झाला की धरतात. म्हणजे तिघे आत तर तिघे बाहेर, सरळ हिशोब. आणि मॅचला प्रत्यक्ष कपडे घालून बसतात ते २० च, १८ स्केटर आणि २ गोली (गोलकीपर), साधारण १२ फॉरवर्ड आणि ६ डिफेन्समन. उरलेले सूट घालून वर प्रेस बॉक्समध्ये बसून मॅच बघतात. हेल्दी स्क्रॅच. अंगात काही दुखत नसताना न खेळायला मिळणं, दुखापतीपेक्षा जास्त लागत असेल ते.

आणि इथे माझा जीव अडकलाय तो पोरग्यात. (त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, माझ्यासाठी तो पोरगाच.) सेंटर पडला म्हणून खालच्या लीगमधून त्याला वर बोलावला, आधी चौथ्या लाइनवर पाच-सहा मिनिटं, मग आठ, मग हळूहळू तिसऱ्या लाइनवर कायमचा. गोल फार नाहीत त्याचे, आकडे बघणाऱ्याला काहीच दिसणार नाही. पण बोर्डच्या कडेने येणारा कडक पास तो कसा घेतो ते बघा. बाकीचे स्टिकने थांबवायला जातात आणि पक उडून जातो, हा स्केट तिरका लावून पक अडवतो, तिथूनच पायाने स्टिकवर ढकलतो आणि मान आधीच वर असते, कुणाला द्यायचं ते ठरलेलं. अर्ध्या सेकंदाचं काम आहे पण त्या अर्ध्या सेकंदामुळे पक आपल्या झोनमधून बाहेर जातो, नाहीतर पुढची पूर्ण शिफ्ट (बर्फावरची एक पाळी) तिथेच अडकून काढायची. त्या लाइनला लय सापडलीये आणि ती त्याच्यामुळे सापडलीये असं माझं ठाम मत.

आणि मला हेही माहितीये की बाहेर जाणार तो हाच. वाईट खेळतो म्हणून नाही, सोयीचा आहे म्हणून. वेव्हर्सचा नियम असा की जुन्या खेळाडूला खाली पाठवायचं तर त्याला आधी वेव्हर्सवर टाकावं लागतं आणि पुढच्या २४ तासांत दुसरी कुठलीही टीम त्याला उचलू शकते, फुकटात. नवीन पोरांना ठराविक वर्षं किंवा ठराविक मॅचेस होईपर्यंत त्यातून सूट असते. म्हणजे पोरग्याला खाली पाठवलं तर टीमचं काही जात नाही, पण चौथ्या लाइनवर सध्या खेळणारा तो दुसरा, दमलेला विंगर, जो गेले कित्येक आठवडे एक पाऊल उशिराच पोचतोय, त्याला पाठवलं तर तो हातचा जाऊ शकतो. मग मॅनेजर काय करणार? जो हरवू शकत नाही त्यालाच हलवणार. कागदावर शहाणपणाचं आहे, मला पटतं पण, म्हणूनच जास्त राग येतो.

शुक्रवार

झोप नीट झाली नाही, डोक्यात लाइन्स जुळवत होतो. वेड आहे हे, कोच मला पगार देत नाही.

ड्रेसिंग रूममध्ये एक जुना अलिखित नियम आहे की दुखापतीमुळे कुणाची जागा जाऊ नये. फॅन लोक याला चिडतात, म्हणतात जो चांगला खेळतोय तोच खेळावा, बाकी भावना घरी ठेवा. पण मला हा नियम नुसता भावनेचा वाटत नाही. उद्या खेळाडूला कळलं की मी दोन आठवडे बाहेर बसलो तर जागा गेली, तर तो सांगेल का डोकं गरगरतंय म्हणून? डोक्याला मार लागलेला माणूस गप्प बसून पुढची शिफ्ट खेळेल आणि ते सगळ्यात घातक. त्यामुळे नियम हवाच. फक्त माझं म्हणणं एवढंच की जागा म्हणजे टीममधली जागा. तीच लाइन, तीच वीस मिनिटं, तोच पहिला पॉवर प्ले (समोरचा एक जण शिक्षेमुळे बाहेर असतानाचा खेळ), हे सगळं पहिल्याच रात्री जसंच्या तसं परत द्यायचं असं कुठे ठरलंय? या दोन गोष्टींची गल्लत होते आणि त्यात पेशंट पण मरतो आणि लाइन पण.

पिट्सबर्गच्या क्रॉसबीचं उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. जानेवारी २०११ मध्ये डोक्याला लागलं, दहा महिन्यांच्या वर बाहेर, आणि २१ नोव्हेंबर २०११ ला आयलंडर्सविरुद्ध परतला तर पहिल्याच रात्री २ गोल २ असिस्ट. पिट्सबर्ग ५-० जिंकलं. ती मॅच बघून कुणाला वाटेल की या माणसाला जपून खेळवायला हवं? कुणालाच नाही. आठ मॅचेसनंतर परत बाहेर, मग थेट मार्च २०१२. आता त्याला कमी खेळवलं असतं तर ते टळलं असतं असं मी म्हणत नाहीये, डोक्याची दुखापत कशी वागेल ते कुणालाच सांगता येत नाही. पण पहिल्या रात्रीचा स्कोअर बघून माणूस पूर्ण बरा झाला असं समजू नये एवढं तरी त्यातून घ्यावं की.

मग टॅम्पाचा कुचेरोव्ह आहे, माझ्या मताच्या अगदी उलट. २०२०-२१ चा ५६ मॅचेसचा पूर्ण रेग्युलर सीझन हिपच्या ऑपरेशनमुळे बाहेर, थेट प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत) उतरला आणि ३२ पॉइंट्स (गोल अधिक असिस्ट), प्लेऑफमध्ये सगळ्यात जास्त, आणि कप (स्टॅनली कप, लीगचं विजेतेपद) टॅम्पाकडे. मार्क स्टोनचंही तसंच, जानेवारी २०२३ मध्ये पाठीचं ऑपरेशन, प्लेऑफच्या पहिल्या मॅचला हजर आणि फायनलच्या शेवटच्या मॅचमध्ये हॅटट्रिक, व्हेगास ९-३. हे दोघे परतले तेव्हा कुणी त्यांना तिसऱ्या लाइनवर चौदा मिनिटं देत बसलं नाही. पण ते दोघे महिनोन् महिने विश्रांती घेऊन, तारीख ठरवून आले, मधल्या सीझनच्या रगाड्यात एक दिवसाआड मॅच असताना नाही. आपला सेंटर जानेवारीत येतोय. त्याच्यापुढे बॅक-टू-बॅक (लागोपाठ दोन दिवस) मॅचेस आहेत, प्रवास आहे, प्रॅक्टिसला वेळच नाही.

(त्या दोघांवरून जो पैशांचा गोंधळ झाला तो वेगळाच. खेळाडू १० मॅचेस आणि २४ दिवस तरी बाहेर राहणार असेल तर त्याला लाँग-टर्म रिझर्व्हवर टाकून टीमला सॅलरी कॅपच्या (एकूण पगारांवरच्या मर्यादेच्या) वर खर्च करता येतो, आणि प्लेऑफला तेव्हा कॅपच नव्हता, म्हणजे तो परत आला तरी कुणी विचारणार नाही. कुचेरोव्हने तर कप जिंकल्यावर कॅपच्या १८ मिलियन वर असा टी-शर्टच घातला होता. २०२५-२६ पासून प्लेऑफमध्ये उतरणाऱ्या वीस जणांनाही कॅप लागू झाला, ते बरंच झालं. पण मधल्या सीझनला परतणाऱ्याला ही सोय आधीही नव्हती, तो आला की त्याचा पगारही त्याच दिवशी आत.)

शनिवार, सकाळी

काल गोलीचं काही लिहिलंच नाही. आपल्याकडे सुदैवाने तो प्रश्न नाहीये. फॉरवर्डला तिसऱ्या लाइनवर टाकता येतं, मिनिटं कमी करता येतात, काहीतरी मधला मार्ग निघतो. गोलीला मधला मार्ग नाही, जाळी एकच. एक उभा राहणार, दुसरा बेंचवर टोपी घालून दार उघडणार.

पिट्सबर्गच्या फ्लरी आणि मरे या दोन गोलींची गोष्ट मला म्हणूनच सगळ्यात जास्त टोचते. २०१६ मध्ये फ्लरीच्या डोक्याला लागलं, नवखा मरे आला आणि प्लेऑफमध्ये जाळी त्याची झाली. कॉन्फरन्स फायनलच्या पाचव्या मॅचला कोचने बऱ्या झालेल्या फ्लरीला उतरवलं, ओव्हरटाइममध्ये हरले, सहाव्याला परत मरे, आणि कप. एक मॅच! इतकी वर्षं जाळी सांभाळलेल्या माणसाला एक मॅच. पुढच्या वर्षी नेमकं उलटं, प्लेऑफच्या पहिल्याच मॅचच्या वॉर्मअपमध्ये मरेला लागलं, फ्लरी उतरला, कोलंबसला काढलं, वॉशिंग्टनला सातव्या मॅचमध्ये २-० असं त्यांच्याच घरी काढलं. मग ओटावाविरुद्ध तिसऱ्या मॅचच्या पहिल्या पिरियडमध्येच चार गोल गेले, मरे आत आला आणि पुढे तोच राहिला. फायनलच्या शेवटच्या दोन मॅचेस त्याने एकही गोल न खाता काढल्या. कोच बरोबर होता, निकालच सांगतो. आणि तरी दोन फेऱ्या ज्याने अंगावर घेतल्या त्याचं काय, हा प्रश्न मला अजून पडतो. कप उचलून झाल्यावर फ्लरीनेच तो मरेच्या हातात दिला, आणि त्याच महिन्यात एक्सपान्शन ड्राफ्टमधून (नव्या टीमला बाकीच्यांकडचे खेळाडू निवडू देतात त्यातून) तो व्हेगासला गेला. नंतर तिथल्या पहिल्याच सीझनमध्ये त्या टीमला फायनलला घेऊन गेला हा भाग वेगळा.

कोलोराडोच्या लँडस्कॉगचा मार्ग मला सगळ्यात पटतो. गुडघ्यासाठी जवळजवळ तीन वर्षं बाहेर, कूर्चा बदलायचं ऑपरेशन, आणि एप्रिल २०२५ मध्ये परतताना कॅप्टन असूनही आधी खालच्या लीगमध्ये कोलोराडो ईगल्सकडून उतरला. कप जिंकलेला कॅप्टन, पोरांबरोबर. नंतर डॅलसविरुद्ध प्लेऑफमध्ये आला, आणि परतल्यावर दुसऱ्याच मॅचमध्ये गोल. आपल्या सेंटरला पाठवतील का तसं? १४ दिवसांपर्यंत कंडिशनिंगसाठी (मॅचची सवय परत यायला) खाली पाठवता येतं, फक्त खेळाडूने हो म्हणावं लागतं. तो हो म्हणणार नाही, मला माहितीये, त्याच्या चेहऱ्यावरच लिहिलंय.

शनिवार, दुपारी

मॉर्निंग स्केटच्या (मॅचच्या दिवशीच्या सकाळच्या सरावाच्या) बातम्या आल्या. कोण खेळणार ते कोच सांगत नाही पण बर्फावरून कळतंच, स्केट संपल्यावर जे लोक उशिरापर्यंत थांबून बदली गोलीवर शॉट मारत बसतात, ते रात्री बहुधा बसणार, आणि जो गोली आधी आत जातो तो खेळणार. आज उशिरापर्यंत कोण थांबलं, तर पोरगा. आणि एक डिफेन्समन, तिसऱ्या पेअरचा (डिफेन्समन जोडीने खेळतात), उजव्या हाताचा.

हे दुसरं मला अजिबात आवडलं नाही आणि याच्यावर कुणी बोलत पण नाही. डिफेन्समधला मोठा परतला, ठीक आहे, पण तो लेफ्ट शॉट, म्हणजे डाव्या हाताचा. त्याच्यासाठी राइट शॉटवाल्याला बसवलं तर डाव्या हाताचे चार आणि उजव्याचे दोन, म्हणजे एका डाव्याला उजव्या बाजूला खेळावं लागणार. मग उजव्या बोर्डवरून आलेला पास त्याच्या बॅकहँडवर (स्टिकच्या उलट्या बाजूवर) येतो, तो उचलून आत वळवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात समोरचा अंगावर. समोरच्यांच्या झोनच्या कडेला, ब्लू लाइनवर, पक आत ठेवायचा तर तेच. ज्याला सवय आहे तो करतो, पण आपल्याकडे सवय असलेला कोण आहे? मी असतो तर आज ११ फॉरवर्ड आणि ७ डिफेन्समन उतरवले असते, मोठ्याला सांभाळून सोळा-सतरा मिनिटं दिली असती, त्याच्या काही शिफ्ट सातव्याने घेतल्या असत्या. फॉरवर्डची एक लाइन अर्धवट राहते, शिफ्टची गाडी जरा विस्कटते, मान्य. पण परतलेल्या माणसाचे पाय तिसऱ्या पिरियडमध्ये जातात हे सगळ्यांना माहितीये, सायकल कितीही मारली तरी ४५ सेकंदांची शिफ्ट, धक्के खाऊन लगेच परत, हे फक्त मॅचमध्येच येतं.

फॉरवर्डमध्ये माझं असं, सेंटरला तिसऱ्या लाइनवर, पोरग्याच्या शेजारी. लय सापडलेली लाइन तोडायची नाही, फक्त मधला माणूस बदलायचा. पॉवर प्ले दुसऱ्या युनिटवर. फेसऑफ (खेळ सुरू करताना दोघांतली पकसाठीची झटापट) त्याला हवे तेवढे, पण डाव्या बाजूचे आधी, कारण खांदा उजवा. बसायचं असेल तर चौथ्या लाइनच्या दमलेल्याने बसावं, आणि तो परतलेला विंगर अजून एक आठवडा थांबला तर आकाश कोसळणार नाही.

होणार यातलं काही नाही. सेंटर थेट दुसऱ्या लाइनवर, पहिल्या पॉवर प्लेवर, वीस मिनिटं, आणि पोरगा वर प्रेस बॉक्समध्ये, सोमवारी खाली पाठवल्याची बातमी येईल. मॅच सुरू व्हायला अजून वेळ आहे, वॉर्मअपमध्ये लाइन्स दिसल्या की लिहितो.