पहाटेची मोटर आता दुपारी

परभणीत आमच्या गल्लीत पहाटे पाचच्या सुमारास बोअरच्या मोटरी सुरू होत आणि त्या घरघरीनेच आम्हाला जाग येई. त्या वेळेला कारण होते. दिवसा व्होल्टेज पडलेले असे, मोटर उचलत नसे, आणि जबरदस्तीने चालवली तर वाइंडिंग जळून ती भरून आणण्याचा खर्च अंगावर येई. त्यामुळे पाणी चढवायचे ते उजाडण्यापूर्वी, हा घराचा नियमच झाला होता आणि सासूबाईंनी तो तीस वर्षे पाळला. छतावर सोलर बसल्यावर सर्वांत आधी हाच नियम मोडावा लागला, आणि तो मोडताना घरातल्या प्रत्येक यंत्राच्या वेळेचा आम्ही नव्याने विचार केला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना सुरू झाली. तीत ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या घरगुती संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळते. त्याचा आधार घेऊन आम्ही ५४० वॅटची ६ पॅनेल बसवली. हिशेबाने हे ३,२४० वॅट होतात. परंतु पॅनेलच्या पाटीवरचा आकडा सेलचे तापमान २५ अंश असताना मोजलेला असतो, आणि मराठवाड्यातल्या छतावर भर दुपारी ते तापमान साठ अंशांच्याही वर जाते. मार्चमधल्या एका निरभ्र दिवशी मी मोबाइलवर पाहून दिवसभर अधूनमधून नोंद केली तेव्हा सकाळी आठला सुमारे ४०० वॅट, साडेनऊला १,३००, अकराला २,१००, साडेबाराला २,५०० आणि दुपारी तीनला १,६०० वॅट मिळत होते. पाचच्या सुमारास ते ३०० वर आले. सोलर म्हणजे दिवसभर सारख्या धारेने वाहणारा नळ नव्हे, ती टेकडीसारखी चढून उतरणारी गोष्ट आहे, हे मला त्या एका दिवसाच्या वहीत जितके स्पष्ट दिसले तितके कोणत्याही माहितीपत्रकातून कळले नव्हते.

त्या चढाचा माथा नेमका बारा वाजता येत नाही. आपल्या देशाची घड्याळे ८२.५ अंश पूर्व रेखांशाप्रमाणे चालतात आणि परभणी त्याच्या पश्चिमेला, सुमारे ७६.८ अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटे धरली तर आपल्याकडची खरी मध्यान्ह सरासरीने बारा वाजून तेवीस मिनिटांच्या आसपास येते. म्हणून मोठी कामे साडेदहा ते अडीच या चार तासांत बसवायची, असे आम्ही ठरवले.

इथे एक प्रश्न प्रामाणिकपणे घ्यायला हवा, कारण माझ्या सहकारी शिक्षिकेने तो मला तोंडावर विचारला होता. नेट मीटर, म्हणजे आत आलेली आणि बाहेर गेलेली वीज वेगवेगळी मोजणारे मीटर, असताना दिवसा बाहेर गेलेले युनिट रात्री वापरलेल्या युनिटातून वजा होतात, मग मोटर दुपारी लावली काय आणि पहाटे लावली काय, बिलात फरक काय पडतो? युनिटास युनिट वजा होत असेल तर तेवढ्यापुरता फरक पडत नाही, हे तिचे म्हणणे बरोबर आहे आणि ज्यांना बिलाच्या आकड्यापलीकडे काही पाहायचे नाही त्यांनी वेळापत्रकाची चिंता करू नये. तरीही आम्ही वेळ पाळतो, त्याची कारणे अनुभवातून आलेली आहेत.

पहिला अनुभव महागात पडला. पॅनेल बसली, पण नेट मीटर लागायला अवकाश होता. बसवणाऱ्या माणसांनी संच चालू करून दिला आणि "राहू द्या चालू, काही होत नाही" असे सांगून ते गेले. आम्ही दिवसभर घराबाहेर, घरात फक्त सासूबाई, एक पंखा आणि फ्रिज. जवळजवळ सगळी वीज बाहेर जात होती, आणि आमचे जुने इलेक्ट्रॉनिक मीटर उलट दिशेने गेलेली वीजदेखील वापर म्हणूनच मोजत होते. तीन आठवड्यांत दीडशेहून अधिक युनिट आमच्या माथी जास्तीचे चढले आणि सोलरचे पहिले बिल आधीच्या बिलांपेक्षा मोठे आले. तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगते की, नेट मीटर लागून त्याची चाचणी होईपर्यंत संच बंदच ठेवावा, कोणी कितीही धीर दिला तरी.

दुसरे कारण व्होल्टेजचे आहे. ज्या गल्लीत एकेकाळी दुपारी व्होल्टेज पडत असे तिथे आता अनेक छतांवर पॅनेल आहेत, आणि दुपारी बारानंतर सगळ्यांची वीज एकाच वेळी गल्लीच्या एकाच डीपीकडे, म्हणजे रोहित्राकडे, धावू लागली की व्होल्टेज २५० च्या वर चढते. ठरावीक मर्यादा ओलांडली की पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर स्वतःला ग्रिडपासून, म्हणजे बाहेरच्या वीजजाळ्यापासून, तोडून घेतो, काही मिनिटे थांबतो, पुन्हा जोडतो, पुन्हा तोडतो. त्या थांबलेल्या मिनिटांतले ऊन फुकट जाते आणि ते कोणत्याही मीटरवर परत मिळत नाही. मोटर चालू असली की आमच्या घरातून बाहेर जाणारी वीज कमी होते, व्होल्टेज थोडे खाली बसते आणि इन्व्हर्टर टिकून राहतो. हा उपाय पूर्ण नाही, डीपीची क्षमता आणि तारेची जाडी यांचेही त्यात काम असते. पण इन्व्हर्टरच्या नोंदीत दुपारचे खंड कमी झालेले मी स्वतः पाहिले आहेत.

तिसरी गोष्ट मार्चअखेरची. वर्षभर साठलेले युनिट पुढच्या महिन्यात जातात, परंतु ३१ मार्चला आर्थिक वर्षाचा हिशेब होतो आणि शिल्लक युनिटांचे पैसे, आपण विजेला देतो त्यापेक्षा बऱ्याच कमी दराने मिळतात. आपल्याकडे अडचण अशी की, हिवाळ्यात पंखे बंद, ऊन स्वच्छ, त्यामुळे शिल्लक फुगते; आणि एप्रिलमध्ये कूलर रात्रभर चालू लागतात तेव्हा ती शिल्लक हाताशी नसते. म्हणून फेब्रुवारी आणि मार्चमध्ये आम्ही दुपारचे वरण, भाजी आणि अंघोळीचे पाणी विजेवर घेतो, सिलिंडर बाजूला ठेवतो. इथे घड्याळाइतकीच पंचांगाची वेळही पाळावी लागते.

आता पाण्याकडे येते, कारण मराठवाड्यातल्या घरात सोलरचा सर्वांत मोठा उपयोग मला पाण्यातच दिसतो. आमच्या नळाला रोज पाणी येत नाही. आले की हौद भरून घ्यायचा आणि उरलेली गरज बोअरवर भागवायची. खाली काळा पाषाण आहे, पाणी असते ते त्याच्या भेगांत, आणि मार्चनंतर त्या भेगांतून ते बोअरमध्ये फार हळू उतरते. आमची दीड हॉर्सपॉवरची मोटर तेव्हा वीस-पंचवीस मिनिटे चालते, मग पाण्याऐवजी हवा येऊ लागते आणि ती बंद करून तास-दीड तास थांबावे लागते. पूर्वी हे थांबणे पहाटेच्या अंधारात जिवावर येई. आता साडेदहाला एकदा, बाराला दुसऱ्यांदा आणि दीडनंतर तिसऱ्यांदा मोटर लागते. मधल्या वेळात बोअरमध्ये पाणी साचते आणि छतावर ऊन असतेच. मोटर सुमारे १,६०० वॅट ओढते, म्हणजे वीस मिनिटांच्या एका खेपेला अर्ध्या युनिटाच्या आसपास वीज लागते. हजार लिटरची टाकी दुपारी भरली की संध्याकाळचे आणि दुसऱ्या सकाळचे पाणी नुसते उताराने खाली येते. बॅटरी न घेता ऊन रात्रीसाठी साठवण्याचा याहून स्वस्त मार्ग मला ठाऊक नाही.

माझ्या भावाच्या जिंतूरकडच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, हीच गोष्ट अधिक काटेकोरपणे पाळावी लागते, कारण त्याच्याकडे बॅटरीचा संच आहे. लेड-ॲसिड बॅटरीत घातलेल्या पाच युनिटांपैकी साधारण चारच परत मिळतात आणि ती वारंवार तळापर्यंत उतरवली तर तिचे आयुष्य घटते. त्यामुळे तिथे कडबाकुट्टी, पाणी, मिक्सर, मोबाइल चार्जिंग, सगळे उन्हात. रात्री फक्त दिवे आणि पंखा. शिवाय मोटर सुरू होताना क्षणभर तिच्या नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. मोटर आणि कडबाकुट्टी एकाच वेळी लावली की त्याचा इन्व्हर्टर लाल दिवा दाखवून बसतो. आमच्याकडे ती कमतरता ग्रिड भरून काढते, म्हणून आमच्या चुका दिसत नाहीत इतकेच.

त्याच्याकडून मी शिकले ते एकामागून एक लावणे. वॉशिंग मशीन, इस्त्री, घरगुती चक्की आणि मोटर एकदम लावली तर बेरीज साडेतीन किलोवॅटपर्यंत जाते आणि भर दुपारीसुद्धा वरची वीज बाहेरून घ्यावी लागते. तीच कामे एकापाठोपाठ केली तर सगळी उन्हाच्या आत बसतात. म्हणून मोटरच्या दोन खेपांच्या मध्ये ज्वारी दळायची, कपडे धुवायचे, आणि इस्त्री रविवारी बाराला. एप्रिलमध्ये येसर आणि काळा मसाला करायचा असतो तेव्हा धणे, डाळी, गहू भाजून ठेवायचे आणि मिक्सर दुसऱ्या दिवशी अकरानंतर काढायचा, असे आता ठरून गेले आहे. फ्रिजला वेळापत्रक नसते. कूलरलाही फारसे नसते, कारण आपल्याकडचा स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो. मात्र पॅनेलच्या सावलीतला स्लॅब कमी तापतो आणि त्याखालची खोली इतर खोल्यांपेक्षा लवकर निवते, हा लाभ कोणी आधी सांगितला नव्हता.

एका बाबतीत मला स्वतःला सुधारावे लागले. मी साडेदहा ते पाच शाळेत असते, हे कार्यालयात, मुले कॉलेजात. म्हणजे उन्हाच्या वेळी लावायची सगळी यंत्रे सासूबाईंच्या वाट्याला येत होती. मी मधल्या सुट्टीत फोन करून विचारत असे, "आई, मोटर लावली का?" एक दिवस त्या शांतपणे म्हणाल्या, "लावायलेय गं, पण मला जरा पाठ टेकू दे की." ते मला लागले. विजेची बचत घरातल्या एका माणसाच्या दुपारच्या झोपेतून काढायची नसते. त्यानंतर आम्ही मोटरला टायमर आणि पाणी संपले की ती आपोआप बंद करणारे यंत्र बसवले, वॉशिंग मशीनला उशिरा सुरू होण्याची सोय होतीच ती वापरू लागलो, आणि दळण रविवारवर नेले. ज्या घरात दुपारी कोणी नसते किंवा असलेली व्यक्ती थकलेली असते, त्यांनी आधी टायमरचा खर्च करावा आणि मग वेळापत्रक आखावे.

सासूबाईंशी आमचा खरा वाद झाला तो वाळवणावरून. उन्हाळकामांत कुरडया, पापड, सांडगे यांना छतावरची मोकळी जागा लागते, आणि पॅनेलच्या पूर्वेला दोरीवर टाकलेल्या लुगड्याची सावली सकाळी पहिल्या पॅनेलच्या कडेवर पडत होती. आमची पॅनेल एकाच साखळीत जोडलेली असल्यामुळे त्या छोट्याशा सावलीचा फटका सगळ्या साखळीला बसे. नऊ वाजताचा आकडा निम्म्यावर आलेला पाहून मी वर गेले तेव्हा कारण कळले. दोरी उत्तरेकडे हलवली, वाळवणाच्या बाजा पॅनेलच्या दक्षिणेला जमिनीलगत घातल्या, आणि दोघींचेही काम झाले. पॅनेल पुसायला मात्र आम्ही बोअरचे पाणी वापरत नाही, कारण ते वाळले की काचेवर पांढरे डाग धरतात. पावसाचे साठवलेले किंवा गाळलेले पाणी घेऊन, काच तापण्याआधी, सकाळी सातच्या आत धूळ काढतो.

ऋतूप्रमाणे हे सगळे थोडे सरकत राहते. मे महिन्यात ऊन सर्वांत कडक असते म्हणून वीजही सर्वांत जास्त मिळेल असे मला वाटत असे, पण तापमानाच्या प्रत्येक अंशामागे पॅनेलची शक्ती ०.३ ते ०.४ टक्क्यांनी उतरते आणि आमचे भरदुपारचे सर्वांत मोठे आकडे फेब्रुवारीतले आहेत. श्रावणात ढग असले की दळण पुढे ढकलतो आणि मोटर जेव्हा उघडीप मिळेल तेव्हा हाताने लावतो. खरी मध्यान्हही वर्षभर जागा बदलते: फेब्रुवारीच्या मध्यावर ती बारा सदतीसच्या सुमारास असते, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारा सातला. म्हणून दिवाळीची साफसफाई करताना मोटरचा टायमर अर्धा तास अलीकडे घ्यायचा आणि संक्रांत झाली की पुन्हा पुढे, असे आम्ही जिन्याखालच्या स्विचबोर्डाशेजारी खडूने लिहून ठेवले आहे.