चित्र उतरवण्याची तारीख

मंगळवारी सकाळी फिरायला बाहेर पडले, तर आमच्या वाटेवरच्या भिंतीवरून चित्र उतरवत होते. दोघंजण हीट गनने चित्राचं कापड तापवत होते, आणि तिसरा रुंद पत्र्याने त्याची कड सोडवत होता. चित्रात बसस्टॉपवर उभ्या असलेल्या चार बायकांपैकी दोघी निघून गेल्या होत्या. तिसरीचा डबा तेवढा भिंतीवर उरला होता. मला तिथेच रडू आलं. चित्र याच महिन्यात उतरणार हे मला पाच वर्षांपासून माहीत होतं. त्या करारावर माझीही सही आहे.

अमेरिकेतल्या अटलांटा शहरातली बेल्टलाइन तुम्ही कदाचित फोटोंत पाहिली असेल. जुन्या रेल्वेमार्गांवरून शहराच्या मध्यभागाभोवती आखलेलं पायवाटेचं कडं, 22 मैलांचं, म्हणजे साधारण 35 किलोमीटरचं. रायन ग्रॅव्हेल या विद्यार्थ्याच्या 1999 मधल्या प्रबंधातून ती कल्पना निघाली आणि 2010 पासून तिथे कलाकृती मांडायला लागले. आमची वाट तिच्या तुलनेत अगदीच छोटी, वस्तीच्या मागून जाणारी. तिथल्या कला समितीत मी हौसेने काम करते.

पहिल्या बैठकीला गेले तेव्हा मला वाटलं होतं, चित्रकार ठरवायचा, रंग आणायचे, संपलं. हातात आला सात पानी अर्ज. पहिला प्रश्न चित्र कसलं हा नव्हताच. 'हे चित्र कोण सांभाळणार आणि किती वर्षं?' हा होता. दुसरा: 'भिंत कोणाची?' तिसरा: 'उतरवण्याचा खर्च कशातून?' अजून एक रेघ ओढलेली नाही आणि ही माणसं उतरवण्याचं बोलतायत! मी चिडले होते. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, बारशालाच तेराव्याचा हिशेब मांडतात हे लोक.

मग चार महिने नुसत्या बैठका. चित्रकाराने पहिल्या आराखड्यात फुलं, पक्षी आणि सायकलवरची मुलं काढली होती. सगळ्यांना आवडलं. मागच्या रांगेतल्या ऐंशीच्या घरातल्या एक आजी उठल्या. इथे रेल्वेचे रूळ म्हणजे काळ्यांची वस्ती आणि गोऱ्यांची वस्ती यांच्यातली सीमा असायची. आजी म्हणाल्या, माझी आई पहाटे पाचला ह्याच भिंतीपाशी उभी राहून बस पकडायची, रुळांपलीकडच्या घरांत धुणंभांडी करायला. तुमच्या चित्रात कामाला जाणारं कुणीच नाही. कुणी काही बोललं नाही. चित्रकाराने कागद गुंडाळला आणि पुढच्या बैठकीला त्या चार बायका घेऊन आला. डबा आजींनी स्वतः काढून दाखवला होता. कडीचा, झाकणाला पोचा आलेला.

रंगवण्याची पद्धत मला फार आवडली. अमेरिकेत भित्तिचित्रांसाठी बऱ्याचदा 'पॅराशूट क्लॉथ' नावाचं पातळ कापड वापरतात. त्याचे चौकोन कापायचे, प्रत्येकावर बाह्यरेषा आणि आकडे, आणि त्याच आकड्यांचे रंगाचे पेले. शाळेतल्या मुलांनी, चर्चमधल्या बायकांनी, दुकानदारांनी टेबलावर बसून चौकोन भरले. ज्यांना शिडीवर चढता येत नाही त्यांचाही हात भिंतीला लागला. माझ्या वाट्याला आकाशाचा तुकडा होता, 14 नंबरचा निळा. नंतर भिंतीची ओल तपासून, अस्तर देऊन, जेलने ते कापड चिकटवलं. वरून लेप दिला. कुणी खरडलं तर लेपासकट पुसायचं, चित्र शाबूत.

पाच वर्षांत पश्चिमेच्या उन्हाने लाल रंग विटला, कडा सुटल्या आणि भिंतीतच पाणी मुरायला लागलं. करारात लिहिल्याप्रमाणे चित्रकाराला आणि वस्तीला 90 दिवस आधी कळवलं होतं. सगळं रीतसर झालं. तरी मला रडू आलं, कारण मला पुण्यातलं कर्वेनगर आठवलं.

आईच्या घराजवळ कॅनॉल रोडला एक भिंत होती. मी कॉलेजात असताना गल्लीतल्या मुलांनी वर्गणी काढून ती रंगवली होती. वारकरी, सुगरणीचं घरटं, कोपऱ्यात आमच्या इस्त्रीवाल्या काकांचा हुबेहूब चेहरा. एका सकाळी त्यावर पांढरा चुना आणि चुन्यावर जाहिरात. कुणी केलं, कुणाला विचारून केलं, आजतागायत कळलेलं नाही. काका त्या दिवशी काही बोलले नाहीत, कोळसे घालत राहिले. त्यांना ना नोटीस, ना निरोप.

इथल्या एका सहकाऱ्याने मध्यंतरी विचारलं, तुमच्याकडे लोकांना विचारतात का? माझं डोकं फिरलं. मी त्याला विसर्जन मिरवणुकीच्या मार्गावरच्या रांगोळ्या सांगितल्या, ज्या काही तासांत पावलांखाली जाणार हे ठाऊक असूनही काढणारे ओणव्याने काढत असतात. पुण्यात 2006 पासून नागरिक अंदाजपत्रकासाठी आपल्या प्रभागातली कामं सुचवतात, आणि कोपऱ्यावरचा बाक माझ्या आईने तसाच अर्ज भरून मिळवलाय, हेही सांगितलं. आमच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 57 आहे, कलाकृतीची मोडतोड झाली तर कलाकाराला दाद मागू देणारं. विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं भित्तिशिल्प सरकारने 1979 मध्ये उतरवलं, तर 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अवशेष त्यांना परत द्यायला लावले आणि वर पाच लाखांची भरपाई. तुमचा कलाकारांच्या हक्कांचा कायदा 1990 चा, आमचा त्याच्या कितीतरी आधीचा!

रांगोळीची आणि भिंतीची तुलना बरोबर नाही, हे बोलतानाच कळत होतं. पण परक्या माणसासमोर पुण्याबद्दल कमी बोलणं मला जमत नाही, आणि जमवायचंही नाही. इथे ह्या कामाला पगारी माणूस आहे, देखभालीचा पैसा वेगळा काढून ठेवलेला आहे. आपल्याकडे आधी फूटपाथ सलग हवा, त्यावरच्या दुचाक्या हटायला हव्यात. मी स्वतः पुण्यात असताना एकाही बैठकीला गेले नाही. हिंजवडीला जाऊन-येऊन तीन तास जायचे, घरी येऊन जेवायचंही त्राण नसायचं. इथे ऑफिस पंधरा मिनिटांवर आहे. संध्याकाळ हातात असली की माणूस नागरिक होतो, असं मला मनापासून वाटतं.

संध्याकाळी अखंड निघालेले तुकडे वाटले. आजींना डबा मिळाला. मला माझं आकाश मिळालं नाही, ते फाटलं. मिळाला बसस्टॉपच्या खांबाचा वीतभर तुकडा.

आईला फोनवर सगळं सांगितलं. तिने मध्येच विचारलं, "अगं, तो अर्ज तुझ्याकडे आहे का अजून?" ती भिंत आता रिकामी आहे म्हणे, जाहिरातही उडालीय. तिने तिचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, आणि रविवारी सकाळी बाकापाशी भेटायला सहाजण तयार झालेत. इस्त्रीवाल्या काकांचा मुलगाही येतोय.

"मराठीत करून पाठव, रविवारच्या आत," आई म्हणाली.

सात पानं आहेत. दोन झालीत.