अकाउंट्सची नोकरी नेटवर शोधताना

पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात अकाउंट्सचं काम शोधायचं, तर पहिली अडचण पदाच्या नावाची. एक कंपनी 'अकाउंटंट' म्हणते, दुसरी 'अकाउंट्स असिस्टंट', तिसरी 'फायनान्स एक्झिक्युटिव्ह', आणि छोट्या कारखान्यात तेच काम 'टॅली ऑपरेटर'च्या नावाखाली असतं. म्हणून नौकरी डॉट कॉम आणि लिंक्डइनवर मी प्रत्येक नावाचा वेगळा अलर्ट लावला. जागेचंही तेच. नुसतं 'पुणे' टाकलं की खराडी-हिंजवडीची गर्दी आधी येते. चाकण, भोसरी, रांजणगाव वेगवेगळं टाकलं की कारखान्यांच्या जाहिराती वर येतात. रांजणगाव पुण्यापासून सुमारे 50 किलोमीटर, तेव्हा कंपनीची बस कुठून सुटते हे अर्ज करण्याआधीच विचारलेलं बरं.

जाहिरातींची चाळणी मी 'गेल्या 24 तासांतल्या' अशीच ठेवायचे. महिनाभर जुन्या जाहिरातीवर अर्ज जातो खरा, पण तोवर अनेकदा माणूस घेऊन झालेला असतो.

खरा वेळ गेला रेझ्युमेवर, आणि तो तिथेच घालवावा असं माझं मत आहे. दोन रकान्यांचे, आयकॉन लावलेले नमुने देखणे दिसतात, पण अर्ज वाचणारं सॉफ्टवेअर अनेकदा डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीला जोडून टाकतं. तपासायची सोपी रीत आहे: पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. क्रम बिघडला, तर सॉफ्टवेअरकडेही तो बिघडूनच जाण्याची भीती. काहीच कॉपी झालं नाही, तर ती फाइल स्कॅनचं चित्र आहे; वर्डमधून नव्याने पीडीएफ करा. मोबाइल नंबर पानाच्या हेडरमध्ये ठेवू नका, काही सॉफ्टवेअर तो भाग वाचतच नाहीत.

'जीएसटीचं ज्ञान' एवढ्याने काही कळत नाही. जीएसटीआर-1 (विक्रीचा रिटर्न), जीएसटीआर-3बी (कर भरण्याचा गोषवारा रिटर्न), जीएसटीआर-2बीशी (पुरवठादारांच्या रिटर्नवरून तयार होणारं विवरण) खरेदीचा मेळ, टीडीएस, बँक रिकन्सिलिएशन (बँकेच्या आणि आपल्या नोंदींचा मेळ), टॅली प्राइम असं सुटं लिहा. रिक्रूटर शोधताना हेच शब्द टाकतो. नौकरीवर त्याच्याकडे अनुभव, पगार, नोटिस पिरियड आणि उमेदवार अलीकडे कधी सक्रिय होता, यांच्याही चाळण्या असतात. नोटिस पिरियडचा रकाना रिकामा राहिला की चांगली प्रोफाइलही मागे पडते. लिंक्डइनवर 'ओपन टू वर्क' ही नोकरी शोधत असल्याची खूण फक्त रिक्रूटरना दिसेल असं ठेवता येतं. सध्याच्या कंपनीपासून ते लपवण्याचा प्रयत्न लिंक्डइन करतं, पण पूर्ण खात्री देत नाही.

कन्सल्टन्सीच्या जाहिरातीत कंपनीचं नाव नसतं. तिथे मी जाहिरातीतलं एखादं वेगळं वाटणारं वाक्य अवतरणचिन्हांत घालून गूगलवर टाकत असे. मूळ जाहिरात कंपनीच्या करिअर पानावर असेल तर पुष्कळदा सापडते. मग अर्ज थेट तिकडे. राष्ट्रीय करिअर सेवा आणि राज्याचं महास्वयम् या सरकारी पोर्टलवरची नोंदणी मोफत आहे, ती करून ठेवावी.

कंपनी खरी आहे का, हे पाहणं अकाउंट्सवाल्याला तर हातचंच. ऑफर लेटरवरचा जीएसटी क्रमांक जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करता तपासता येतो. तो 15 अंकाक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीचा 27 ने सुरू होतो. नोंदणी सक्रिय आहे का, नाव जुळतं का, हे दोन मिनिटांत कळतं. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर 21 अंकाक्षरांचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक, पाहा; त्यात राज्य आणि स्थापनेचं वर्षही दडलेलं असतं. अर्थात भामटा खऱ्या कंपनीचाच क्रमांक छापू शकतो, म्हणून मेल कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरून आलाय की जीमेलवरून, तेही बघा. लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंग फी, पडताळणी शुल्क असं काहीही मागितलं की बोलणं तिथेच थांबवायचं. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

अर्जांची एक्सेल शीट ठेवा: तारीख, कंपनी, पद, कुठून अर्ज केला, कोणता रेझ्युमे पाठवला. फोन आल्यावर 'कुठली हो कंपनी?' असं विचारायची वेळ येत नाही. आणि पाठपुराव्याचा फोन 11 आणि 20 तारखेच्या आसपास करू नका. मुलाखत घेणारे अकाउंट्सचे साहेब तेव्हा जीएसटीचे रिटर्न भरण्यात बुडालेले असतात.