शी धरून ठेवणारे मूल

लहान मूल असलेल्या घरात सकाळी चहाबरोबर 'बाळाला शी झाली का?' हा प्रश्न हमखास निघतो, आणि उत्तर नकारार्थी आले की प्रत्येकाकडे एक उपाय तयार असतो. आम्ही सांगलीत राहतो आणि सासर तासगाव तालुक्यातील द्राक्षबागायतदारांचे असल्याने आमच्याकडे पहिला उपाय अर्थातच बेदाण्याचा निघाला. माझा मुलगा दीड वर्षाचा झाला तेव्हा त्याच्या पोटाची तक्रार सुरू झाली आणि ती बराच काळ पुरली. या काळात बालरोगतज्ज्ञांनी जे समजावले आणि मी नंतर वाचून पडताळून पाहिले, ते येथे मांडत आहे. घरगुती उपाय बहुतेक शी बाहेर कशी काढावी याचे असतात. मूल ती आत का अडवून धरते, याचा विचार फारसा होत नाही, आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे.

रोज शी झालीच पाहिजे, असा नियम नाही. एखादे मूल दिवसातून दोनदा जाते, एखादे एक दिवसाआड, आणि शी मऊ असून मूल खेळते-खाते राहत असेल तर दोन्ही ठीकच. आठवड्यातून दोनदा किंवा त्याहूनही कमी वेळा शी होणे, खडे होणे, जाताना मूल रडणे, अशी लक्षणे महिनाभर टिकली की डॉक्टर त्याला बद्धकोष्ठता म्हणतात. या वयातील बहुतेक मुलांमध्ये त्यामागे कोणताही आजार सापडत नाही. एकदा कधीतरी, तापात पाणी कमी प्यायल्यामुळे किंवा आहार बदलल्यामुळे, शी कडक होते, जाताना दुखते, आणि ते दुखणे मुलाच्या लक्षात राहते. पुढच्या वेळी कळ आली की ते शी रोखून धरते. मोठे आतडे आपले काम करीतच असते, म्हणजे आत राहिलेल्या मळातील पाणी शोषून घेत असते. त्यामुळे जितका उशीर तितका खडा अधिक टणक, आणि पुढचे दुखणे आणखी मोठे.

आमच्याकडे हे रोज डोळ्यांसमोर घडत होते. जेवण झाले की मुलगा दिवाण आणि कपाट यांच्या मधल्या फटीत जाऊन उभा राही, चवड्यांवर उचलला जाई, दोन्ही पाय एकमेकांत आवळून धरी आणि चेहरा लालबुंद होई. "कुंथतोय गं, लाव रे राजा जोर," असे सासूबाई त्याला लांबूनच चुचकारत. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, की तो हे उभा राहून करतो की उकिडवा बसून? ज्या मुलाला शी करायची आहे ते आपोआप उकिडवे बसते; ताठ उभे राहून पाय आवळणारे मूल शी थोपवत असते. त्या दिवसापासून आमच्या घरात त्याला जोर लावायला सांगणे बंद झाले.

असे फार दिवस चालले तर मळ साठून गुदाशय ताणला जातो, त्याची जाणीव बोथट होते, आणि मुलाला कळच धड लागेनाशी होते. मग साठलेल्या खड्याच्या कडेने पातळ शी झिरपू लागते आणि चड्डीला डाग पडू लागतात. घरातली माणसे याला जुलाब समजून वरणभातावर आणतात आणि कधीकधी जुलाब थांबवायचे औषधही देतात, म्हणजे नेमके उलटे.

आता खाण्याविषयी. आमच्या भागात दुधाला तोटा नाही, आणि 'जेवत नाही तर निदान दूध तरी पिऊ दे' ही समजूत घरोघरी आहे. रतिबाचे दूध बाटलीतून सकाळ, दुपार, रात्र पोटात गेले की भाकरीला जागा उरत नाही. दुधात चोथा अजिबात नसतो, लोहही नाममात्र असते, आणि फार दूध पिणाऱ्या मुलांमध्ये रक्त कमी होण्याचा धोका असतो तो निराळाच. वर्षानंतर दिवसाला साधारण अर्धा लिटर ही वरची मर्यादा समजावी. आम्ही बाटली बंद करून पेल्यातून दूध देऊ लागलो, तेही जेवणानंतर. दोन-तीन दिवस घरात रणकंदन झाले आणि चौथ्या दिवशी स्वारीने मटकीची उसळ वाटीने मागून घेतली.

दोन वर्षांवरील मुलासाठी चोथ्याचा एक सोपा हिशेब आहे: वयाच्या आकड्यात ५ मिळवावेत, तितके ग्रॅम चोथा दिवसाला किमान पोटात जावा. तीन वर्षांच्या मुलाला ८ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा असतो, तर पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमहूनही कमी. म्हणजे मऊ भात, टोस्ट आणि मैद्याची बिस्किटे यांवर वाढणाऱ्या मुलाला शाळूची अर्धी भाकरी आमटीत कुस्करून दिली तरी बराच फरक पडतो. त्याच्या जोडीला पालक घातलेले वरण, उसळ, पपई, पेरूचा गर. मात्र चोथा वाढवला की पाणीही वाढले पाहिजे, नाहीतर तोच चोथा कोरडा होऊन अडतो. पिकलेल्या केळ्यावर आमच्याकडे उगाच बंदी होती, तीही उठवली.

नाचणीच्या सत्त्वाबद्दल थोडे लिहिलेच पाहिजे. सत्त्व पचायला हलके असते यात शंका नाही, परंतु ते करताना मोड आलेली नाचणी वाटून फडक्यातून गाळतात आणि चोथा वर राहतो, तो टाकून देतात. आठ महिन्यांच्या बाळाला ते ठीक आहे. खडे होणाऱ्या दोन वर्षांच्या मुलाला त्यापेक्षा नाचणीच्या सबंध पिठाची पेज किंवा भाकरी द्यावी. बेदाण्याचेही तसेच. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे आणि मला त्याचा सार्थ अभिमान आहे. पण रात्री भिजवून सकाळी नुसते पाणी पाजायचे आणि बेदाणे बाजूला ठेवायचे, यात चोथा बाजूलाच राहतो. बेदाणे नीट धुऊन भिजवावेत आणि कुस्करून पाण्यासकट द्यावेत. अख्खा बेदाणा, अख्खे द्राक्ष किंवा अख्खा शेंगदाणा या वयाच्या मुलाच्या हातात देऊ नये, कारण तो घशात अडकू शकतो; द्राक्ष उभे चिरूनच द्यावे.

शी व्हावी म्हणून गुदद्वारात सारायची साबणाची कांडी आणि तेलात बुडवलेला विड्याच्या पानाचा देठ, हे दोन उपाय मी घरातून पूर्णपणे हद्दपार केले, आणि याबाबतीत वडीलधाऱ्यांशी वाद झाला तरी चालेल असे माझे मत आहे. साबणाने आतली नाजूक त्वचा जळजळते, देठाने इजा होऊ शकते, आणि ज्या जागेची मुलाला आधीच धास्ती आहे तिथेच आपण पुन्हा त्याला दुखवतो.

खाल्ल्यानंतर मोठे आतडे आपोआप हालचाल करू लागते, म्हणून न्याहारीनंतर अर्ध्या तासाच्या आत पाच ते दहा मिनिटे बसवणे सर्वांत उपयोगी. भारतीय पद्धतीच्या संडासात मूल उकिडवे बसते, ते योग्यच आहे. कमोडवर पाय लोंबकळत राहिले तर नीट जोर लागत नाही, म्हणून आम्ही जेवणाचा एक जुना पाट पायांखाली ठेवतो, जेणेकरून गुडघे कमरेपेक्षा वर येतात. शी झाली नाही तरी रागवायचे नाही. मूल शी अडवत असताना संडासाची सवय लावण्याची घाई करू नये. आधी शी मऊ आणि निर्धास्त व्हावी, चड्डीत झाली तरी हरकत नाही.

आहार बदलूनही भागले नाही तेव्हा डॉक्टरांनी शी मऊ करणारे औषध दिले. ते दोन दिवसांत गुण आला म्हणून बंद करायचे नसते. ताणलेला गुदाशय पूर्ववत व्हायला आणि मुलाची भीती जायला कित्येक महिने लागतात, आणि औषध हळूहळू, डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच कमी करायचे असते. पोट फुगणे, हिरवी उलटी, शीतून रक्त, वजन न वाढणे, किंवा जन्मानंतर पहिली काळी शी ४८ तासांत झालेली नसणे, यांपैकी काही असेल तर घरगुती प्रयोगांत दिवस न घालवता डॉक्टरांकडे जावे. लोहाच्या औषधाने शी काळपट होते आणि बिटाने लालसर, तेव्हा घाबरण्याआधी आदल्या दिवशीचे ताट आठवावे.

यंदा जूनमध्ये त्याची बालवाडी सुरू होत आहे. तिथला संडास अंधारा आहे आणि पुष्कळ मुले घरी येईपर्यंत रोखून धरतात, असे आधीच्या पालकांकडून कळले. बाईंशी बोलणे झाले असून त्या दिवा लावून घेणार आहेत; आम्ही मात्र त्याची न्याहारी आतापासूनच अर्धा तास अलीकडे आणली आहे.